घाटात घेतलेलं नाव

गेनभाऊ कुणाचंही नाव अर्धं घेत नसत. आधी नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, मग गाव. गावाला वाडी असेल तर वाडीही. मंचरच्या स्टँडबाहेर एकदा त्यांनी एका रिक्षावाल्याला अशी पूर्ण नावाने हाक मारली, तर तो रिक्षा बंद करून खाली उतरला. "पोलीस आलं का काय वाटलं, राव," तो म्हणाला. गेनभाऊंना ते फार आवडलं. "पुरं नाव घेतलं का माणूस ताठ उभा ऱ्हातो," ते म्हणाले.

ते अवसरी बुद्रुकचे. शेती थोडी, ती भाऊ बघत. स्वतः गेनभाऊंचं काम बोलण्याचं होतं. आंबेगाव-जुन्नरच्या यात्रांत बैलगाडे ज्या चढावर पळतात त्याला घाट म्हणतात. घाटाच्या कडेला माचाण असतं आणि माचाणावर माइक धरून निवेदक. गाडा सुटला की ओरडून सांगायचं, मालकाचं नाव पुकारायचं, निशाण पडलं की सेकंद सांगायचे, आणि मधल्या वेळात पाहुण्यांची, देणगीदारांची, नव्या सरपंचाची नावं घ्यायची. नाव राहून गेलं तर माणूस वर्षभर रुसतो. गेनभाऊंकडून नाव राहत नसे. त्यांच्या हातात कागद कधी दिसला नाही. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत ते लग्नांत बोलले, पण लग्नाचं बोलणं म्हणजे वरणभात, असं त्यांचं मत होतं.

मी तेव्हा मंचरला तालुक्याचा वार्ताहर होतो. घाटाच्या बातम्या करायचो. ते माझ्या बातम्या वाचत आणि त्यात कुणाचं आडनाव गळलं ते सांगायला फोन करत.

त्यांच्या छातीत टिकटिक ऐकू येई. चेष्टेत म्हणत नाही. हृदयात धातूची झडप होती आणि शांत खोलीत तिचा आवाज शेजारच्याला कळे. लहानपणी त्यांना सांधे सुजणारा ताप आला होता. त्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात. पुढची खराबी टाळायची तर दर तीन-चार आठवड्यांनी एक जाड, दुखरं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. त्यांच्या आईने ते काही वर्षं दिलं. गावात नाही, दूरच्या दवाखान्यात नेऊन, मामाकडे चाललोय असं सांगून. लग्न ठरलं तेव्हा तेही बंद केलं. पोराच्या छातीत काही आहे हे कळलं तर मुलगी कोण देणार? मुलगी मिळाली. कमलबाईंना नवऱ्याचा आजार कळला तो थेट घाटात, गेनभाऊ माचाणावर बोलता बोलता आडवे झाले तेव्हा. पुण्यात छाती उघडली, झडप बसवली. रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभराची लागली.

"मला नवरा दिला आन् आतमधी घड्याळ बसवून घेतलं," कमलबाई पाहुण्यांसमोर म्हणत. "बरंय. घरात दुसरं घड्याळ लागत न्हाई."

गेनभाऊ हसत, पण त्या बाहेर गेल्या की सांगत, "खरंय तिचं. फसवलीच तिला. आईनं झाकलं म्हणून झडप गेली. झाकलेलं नासतं." हे शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्यभर वापरलं. भाजीच्या पातेल्यावर, भावकीच्या भांडणावर, सरकारी कामावर, कशावरही.

पुण्याच्या एका रुग्णालयातल्या हृदयविभागाने आमच्या दोन तालुक्यांत अभ्यास काढला, तो याच तापाचा. तरुण रुग्णांचं इंजेक्शन मधेच का थांबतं आणि ते चालू ठेवण्यासाठी काय करता येईल, हा विषय. अभ्यासात एक नवी गोष्ट होती. रुग्णांना नुसतं तपासायचं नाही, त्यांना भागीदार करायचं. प्रश्न कोणते विचारायचे, कसे विचारायचे, उत्तरांचं काय करायचं, हे ठरवताना रुग्ण बरोबर बसणार. त्यासाठी दहाबारा जणांचं मंडळ नेमलं. गेनभाऊ त्यात होते. मंचरच्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये पहिली बैठक झाली. बातमीसाठी मी गेलो होतो.

अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि थबकल्या. "घड्याळ कुणाचं वाजतंय?"

"माझंच, मॅडम," गेनभाऊ म्हणाले. "तुमच्याच लोकांनी बसवलंय."

हॉल हसला. मॅडमही हसल्या. त्या चांगल्या बाई होत्या, हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही आता नुसते रुग्ण नाही, भागीदार आहात."

"भागीदाराला वाटा असतो," गेनभाऊ म्हणाले. "आमचा वाटा कोणता?"

"निर्णयात."

हा शब्द त्यांनी घरी नेला. पुढचे कित्येक दिवस ते कमलबाईंना "निर्णयात आपला वाटा आहे" असं ऐकवत होते, आणि त्या "मग दळण आणायचा निर्णय घ्या" म्हणत होत्या.

बैठकीत त्यांनी सूचनांचा पाऊस पाडला. काही अगदीच टाकाऊ होत्या. इतक्याशा खोलीत माइक हवा, ही पहिली. माहिती घ्यायला येणाऱ्या सिस्टरने आधी घरच्या बैलांची चौकशी करावी, ही दुसरी; मंडळातल्या एका बाईंनी विचारलं की ज्यांच्याकडे शेळ्याच आहेत त्यांनी काय करायचं. काही सूचना बऱ्या होत्या. इंजेक्शनचा दिवस बाजाराच्या दिवशी ठेवा, म्हणजे बाहेर पडायला कारण सांगावं लागत नाही. तळेघरकडच्या मुलींना घोडेगावला बोलावू नका, एसटी मिळेपर्यंत दिवस जातो. बऱ्या असोत की टाकाऊ, सगळ्यांना उत्तर एकच मिळालं: नोंद घेतली. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत गेनभाऊंनी ते उचललं होतं. कमलबाईंनी कोथिंबीर आणायला सांगितली की ते म्हणत, "नोंद घेतली."

बाजाराचा दिवस झाला नाही. सिस्टरला दुसऱ्या तालुक्यात जायचं असे. तळेघरला गाडी दोनदा गेली, मग रस्ता खराब म्हणून थांबली. मंडळाकडे खरोखर एकच काम आलं. अभ्यासाला माणसं कमी पडत होती, ती आणायची. मॅडम म्हणाल्या, "लोक आजार लपवतात. ही लाज तुम्हीच घालवू शकता. गेनभाऊ, तुमचा आवाज आख्ख्या तालुक्याला माहीत आहे. तो वापरा."

त्यांनी वापरला. यात्रांमधून, लग्नांमधून ते सांगत सुटले, स्वतःचा सदरा उघडून छातीवरचा व्रण दाखवत सांगत सुटले. माणसं आली. तळेघरच्या बाजूच्या एका मुलीला तर ते स्वतः घरी जाऊन घेऊन आले. तिचं नाव इथे देत नाही. आईवडील भात आणि नाचणी करणारे, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. झडपेला थोडी इजा होती. इंजेक्शन नियमित राहिलं तर ऑपरेशनची वेळ कदाचित येणारच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मात्र इंजेक्शन चुकवायचं नाही, आणि लग्नानंतर मूल होऊ देण्याआधी तपासून घ्यायचं, नाहीतर जिवाला धोका. आई तयार नव्हती. गेनभाऊ उंबऱ्यात बसून राहिले. "वहिनी, माझ्या आईनं जे केलं ते तुमी करू नका." शेवटी तिने मुलीला पाठवलं.

मग चैत्रातली यात्रा आली. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. घाट भरला होता, दोन्ही कडांना माणसं आणि खांबाखांबावर कर्णे. मी माचाणाच्या खाली होतो. दुपारी गाड्यांचा एक फेरा संपला, पुढचे बैल टेम्पोतून उतरवायला वेळ होता, आणि गेनभाऊंनी पाहुण्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. पाहुणे झाले, देणगीदार झाले. मग त्यांनी आवाज खाली घेतला. मोठं काही सांगायचं असलं की ते तसं करत.

"मंडळी, आज मी आनखी काही मानकऱ्यांची नावं घेणार हाय. पैसं देनारा मोठा असतो, पर आपलं दुखणं दुसऱ्याच्या उपेगाला देनारा त्याच्याहून मोठा. हृदयाच्या अभ्यासात भाग घेणारी आपली माणसं. टाळ्या थांबू देऊ नका."

आणि त्यांनी नावं घेतली. पूर्ण. वडिलांसकट, गावासकट, वाडीसकट. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. तळेघरच्या मुलीचं नाव त्यांनी शेवटी घेतलं, कारण शेवटचं नाव मानाचं असतं. "तळेघर खोऱ्यातली आपली लेक, कुमारी," असं म्हणून त्यांनी ते उच्चारलं. भंडारा उधळला गेला. माचाणावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते.

त्या दिवशी पळणाऱ्यांत एक गाडा जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका घराचा होता. त्या घरातल्या मुलाशी या मुलीचं जवळपास ठरलं होतं. सुपारी तेवढी राहिली होती. मुलाचा चुलता घाटातच बैल धरून उभा होता.

निरोप दोन दिवसांत आला. पत्रिका पुन्हा बघितली, जुळत नाही, असा.

मुलीची आई अवसरीला आली. ती आरडाओरडा करेल असं कमलबाईंना वाटलं होतं. ती ओट्यावर बसली, पाणी घेतलं नाही.

"भाऊ, तुमाला आमी काय केलं व्हतं?"

"वहिनी, मी मान दिला."

"आमी मागितला व्हता?"

ती उठून गेली. गेनभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत, असं कमलबाई सांगतात. आणि हेही सांगतात की त्यांनी स्वतः त्यांना आग्रह केला नाही.

आणखी दोन घरांतून तक्रारी पुण्याला पोहोचल्या. मॅडम स्वतः अवसरीला आल्या. गेनभाऊंनी मला बोलावून घेतलं होतं, साक्षीला म्हणून.

"गेनभाऊ, पहिल्याच बैठकीत आपण गोपनीयतेबद्दल बोललो होतो," मॅडम म्हणाल्या.

"बोललो. कागद कुणाला दाखवायचा न्हाई. मी दाखवला का? माझ्याकडं कागद नव्हताच."

"नावंही सांगायची नव्हती."

"नावं काय तुमच्या कागदातनं घेतली मी? ह्या लोकांना मी तुमच्या आधीपासून वळखतो. त्यांच्या बापांना वळखतो. मीच आणलं त्यांना तुमच्याकडं."

"तोच तर प्रश्न आहे."

"लाज घालवा म्हणाला. आवाज वापरा म्हणाला."

"म्हणाले होते." मॅडम म्हणाल्या. "पण मला तुम्हाला मंडळातून बाजूला करावं लागेल. नाहीतर अभ्यासच बंद होईल."

"मला काढा. त्या पोरीचं काय? तिनं इंजेक्शन सोडलंय."

"आमची सिस्टर तिच्या घरी जाईल."

"गाडी घेऊन जाईल. गाडीवर तुमच्या हॉस्पिटलचं नाव. म्हंजे वाडीत ज्यांना ठावं न्हाई त्यांनाबी कळंल."

"मग कसं करायचं, तुम्हीच सांगा."

हा प्रश्न त्यांना भागीदार म्हणून पहिल्यांदाच मनापासून विचारला गेला होता. त्यांना सुचलं नाही. मॅडमनाही सुचलं नाही. कमलबाईंनी चहा आणला, तो सगळ्यांनी घेतला, आणि गाडी पुण्याला गेली.

गेनभाऊ तळेघरला गेले. घोडेगावपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते वाहन, शेवटी पायी. मी सोबत होतो, कारण रक्त पातळ असलेल्या माणसाने त्या उतारावर एकट्याने पडणं बरं नव्हतं. आईने दार लावून घेतलं. मुलगी मागच्या बाजूने पाणी आणायला जात होती, ती वाटेत भेटली. कळशी खाली ठेवली नाही.

"इंजेक्शन सोडू नको, बाळा," गेनभाऊ म्हणाले. "माझ्यावर राग काढ, पर ते सोडू नको."

"मामा, तुमी म्हणता ते बरोबर हाय. झाकलेलं नासतं. तुमचं तुमी उघडं केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमचं लग्न झालेलं हाय." तिने कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. "माझं नाव माझ्यापाशी ऱ्हाऊ द्यायचं व्हतं."

"मी तुला दुसऱ्या गावाला नेतो. वाड्याला, खेडला. कुणी वळखणार न्हाई."

"तुमाला? तुमाला कोण वळखत न्हाई?"

ती हे रागाने म्हणाली नाही. वस्तुस्थिती होती. येताना वाटेत दोन माणसांनी त्यांना थांबवून पुढच्या यात्रेचं विचारलंही होतं.

त्या पावसाळ्यानंतर मी पुण्याला डॉक्टरांच्या एका परिषदेची बातमी करायला गेलो. दालनात भिंतीभर अभ्यासांची पोस्टर्स होती. त्यांतल्या एकावर गेनभाऊ होते. माचाणावर, हातात माइक, मान मागे टाकलेली. खाली लिहिलं होतं, रुग्ण हे संशोधनातले भागीदार. मी त्यांना फोन केला.

"फोटू कसा आलाय?"

"चांगला."

"नाव लिव्हलंय का?"

"नाही."

"का?"

"गोपनीयता असेल."

ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग कमलबाईंनी फोन काढून घेतला आणि म्हणाल्या, "पावणं, असलं काय बी सांगत जाऊ नका त्यांना."

त्यानंतर त्यांनी घाटाची कामं कमी केली. बोलावलं तर जात, गाडे आणि सेकंद सांगत, बाकीची नावं घ्यायला दुसऱ्याला बसवत. रुसलेल्यांची संख्या वाढली. रक्त पातळ ठेवायच्या गोळीसाठी लागणारी महिन्याची तपासणी ते टाळू लागले. कमलबाई ओरडत, तर म्हणत, "नोंद घेतली."

दिवाळीनंतर मुलीची आई पुन्हा अवसरीला आली. या वेळी पाणी घेतलं. मुलीचं मढला ठरलं होतं, पार पश्चिमेला, माळशेजच्या बाजूला. घाटातली गोष्ट तिकडे पोहोचली नसेल असं त्यांनी धरलं होतं. पण मुलाच्या मामाच्या कानावर उडत उडत काहीतरी आलं होतं.

"तुमी लग्नाला या, भाऊ."

"येतो की."

"नुसतं या म्हणत न्हाई. त्यो मामा तुमाला विचारणार. घाटात नाव घेतलं ती हीच का म्हणून. आमी कायबी सांगितलं तरी त्याला पटणार न्हाई. तुमचं पटंल. तुमी कधी हरलेल्या गाड्याला जिंकला म्हणाला न्हाई, ह्ये सगळ्यांना ठावं हाय. ज्या तोंडानं बोलला, त्या तोंडानं पुसा."

गेनभाऊंनी कमलबाईंकडे पाहिलं. त्या चुलीपाशी होत्या आणि त्यांची पाठ इकडे होती.

"वहिनी, त्यांना म्हाईत नसंल तर तिला इंजेक्शन कोण देईल? पोटुशी ऱ्हायली तर..."

"ते आमी बघू."

"माझी आईबी हेच म्हणाली व्हती."

"तुमी लग्नाला येनार का न्हाई?"

कमलबाई वळल्या नाहीत. पण बोलल्या. "जा. आपल्यामुळं मोडलंय. जा."

लग्न मुलाच्या दारात होतं. मढला थंडी होती, मांडवात वारा शिरत होता, आणि कुणीतरी तरुण निवेदक पाहुण्यांची नावं चुकीची घेत होता. गेनभाऊ पंगतीत शेवटाला बसले. मी त्यांच्या शेजारी. त्यांच्या समोरच्या पानावर नवऱ्या मुलाचा मामा येऊन बसला. जागा बदलून आला होता. त्याने आधी यात्रांचं काढलं, मग एका बैलजोडीचं. मग वाढप्याला थांबवून त्याने गेनभाऊंच्या पानात जिलेबी वाढायला लावली.

"भाऊ, एक इचारायचं व्हतं. राग मानू नका. तुमी चैत्रात घाटात आजारी लोकांची नावं घेतली म्हणं. त्यात ही पोरगी व्हती का?"

शेजारच्या पानावरचे दोघे खायचे थांबले.

गेनभाऊ म्हणाले, "ती दुसरी."

"नाव तेच म्हणं."

"नाव तेच. गाव दुसरं. मी वळखतो दोघींना." मग त्यांनी, कुणी विचारलं नव्हतं तरी, पुढे म्हटलं, "ही ठणठणीत हाय."

"बरं झालं, राव," मामा म्हणाला. "घोर गेला." त्याने तिथूनच मांडवाच्या दिशेने कुणालातरी हात करून सगळं ठीक असल्याचं कळवलं आणि मनापासून जेवायला लागला. गेनभाऊंनी पानातलं सगळं संपवलं. जिलेबीही.

निघताना ते नवरानवरीला भेटायला स्टेजवर गेले. मुलगी वाकली. तिला उठवताना ते तिच्या कानाशी काहीतरी बोलले. ती दोन शब्द बोलली आणि पुढच्या पाहुण्याच्या पाया पडली. ते लगेच खाली आले.

रस्त्यावर आम्ही जुन्नरच्या एसटीची वाट बघत उभे राहिलो. शेवटी मीच विचारलं.

"काय म्हणालात तिला?"

"पुढचं इंजेक्शन कुठं घेनार, ते इचारलं."

"मग?"

"म्हणाली, मामा, हळू बोला."

एसटी आली. गर्दी नव्हती. कंडक्टरने त्यांना ओळखलं आणि पुढे बसायला सांगितलं. ते मागच्या बाकावर जाऊन बसले.